मॉरिस मायनरचा कार्बोरेटर ओळखायला मदत हवी (पुरातून निघालेला, नंबराची पट्टी नाही)

गणपतीपेठकर
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचक होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

सांगलीत गणपती पेठेच्या मागं आमचं जुनं घर आहे. आजोबांची मॉरिस मायनर तिथंच पोर्चमध्ये असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा माणसं वरच्या मजल्यावर गेली, गाडी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर एका गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवून दिलं, म्हणाला "महिन्याभरात करून देतो". तो महिना अजून संपलेला नाही. शेवटी या दिवाळीत मीच हात घातला. हेड मिरजेला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगला दिलंय. ब्लॉक शेडमध्ये उघडा आहे.

अडचण कार्बोरेटरची. पोत्यात गुंडाळून ठेवला होता, आतला गाळ वाळून सिमेंट झालाय. एक उंच अॅल्युमिनियमची टोपी, घंटेसारखी, तिच्या माथ्यावर षटकोनी पितळी बूच. शेजारी फ्लोटची गोल डबी. कुठंही नाव नाही, नंबर नाही. दुकानदार म्हणतो सोलेक्स कंपनीचा आहे. इंजिनच्या प्लेटवर सुरुवातीला 'एपीएचएम' अशी अक्षरं आहेत. किट मागवायचं तर कुठलं मागवू? फोटो जोडलेत.

जुगाडू_जत
भाऊ कशाला डोकं लावताय. मारुती ८०० चा मिकुनी घ्या, मध्ये १० मिमीची प्लेट कापून फ्लँज जुळवा, झालं काम. आमच्याकडं एकानं फियाटला बसवलाय. सेल्फ मारला की चालू.

मिरजजंक्शन
दुकानदाराला सोलेक्स म्हंजे काय तेच ठावं न्हाय. आमच्या वडलांचं गॅरेज हुतं स्टेशन रोडला, ल्हानपणापास्नं बघतुय. टोपी दिसली की डोळं झाकून सांगायचं, एसयू हाय.

थाऊमास्तर
मिरजजंक्शन बरोबर बोलताहेत. एसयूच.

सोलेक्समध्ये हवेचा गळा एका मापाचा असतो आणि वेगवेगळ्या कामाला वेगवेगळे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं): मेन जेट, स्लो जेट, पंपाचा जेट. जेटच्या तोंडावर आकडा असतो, १२० म्हणजे भोक १.२० मिमी. एसयूमध्ये जेट एकच आणि त्यात वर-खाली होणारी एकच निमुळती सुई. ती घंटा म्हणजे सक्शन चेंबर. आत पिस्टन असतो. इंजिन जेवढं ओढेल तेवढा तो वर उचलला जातो, हवेची वाट मोठी होते, सोबत सुईही वर येते आणि पेट्रोलची वाट त्याच हिशेबात उघडते. एवढंच यंत्र. स्किनर नावाच्या कुटुंबाचं हे डोकं, १९०५ चं पेटंट. कुटुंबाचा धंदा चपला-बुटांचा, त्यामुळं पहिल्या नमुन्यात पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. पेटीला असतो तसा. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन.

आता पुढचं. टोपी बघून मेक कळला, मॉडेल नाही कळणार. तीन गोष्टी सांगा:
फ्लोटच्या डबीच्या बुडातून जेटकडं जाणारी बारीक नायलॉनची नळी आहे का?
इंजिनकडच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरनं किती भरतो?
पिस्टन सुटत असेल तर सुईच्या मुंडीवर कुठलं अक्षर आहे?

आणि मारुतीचा कार्बोरेटर लावायचा असेल तर धागा बंद करा, माझा वेळ जातो.

जुगाडू_जत
मास्तर रागावले 😄 मी आपलं स्वस्तातलं सांगितलं.

गणपतीपेठकर
नायलॉनची नळी नाही. डबी बोल्टनं थेट बॉडीला धरलेली आहे. तोंड दोनदा मोजलं, ३१.७ आणि ३१.८ मिमी. पिस्टन अजून हलत नाही, डिझेलमध्ये बुडवून ठेवलाय.

थाऊमास्तर
३१.७५ म्हणजे सव्वा इंच. नळी नाही म्हणजे जुना एच प्रकार. नायलॉनची नळी असती तर एचएस म्हटलं असतं. एसयूचा आकडा वाचायची रीत अशी की अक्षरांपुढचा आकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग, एक इंचात मिळवायचे. २ म्हणजे सव्वा इंच, ४ म्हणजे दीड, ६ म्हणजे पावणेदोन. तुमचा एच-२ झाला.

पण मग माझं जमत नाही. प्लेटवर एपीएचएम म्हणताय. ते ८०३ सीसीचं इंजिन, सिरीज टू मायनरचं, १९५२ नंतरचं. त्यावर एच-१ येतो, सव्वा नाही, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. साधारण २८.६ मिमी. म्हणजे एकतर तुमचा कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा, नाहीतर तुम्ही प्लेट चुकीची वाचलीत.

वालचंदवाली
वाचताना मजा येतेय. मी मूळची विश्रामबागची, वालचंदला मेकॅनिकल केलं, आता पुण्यात असते. काका, तिसरी शक्यता राहिली ना? प्लेटच खोटं बोलत असेल.

गणपतीपेठकर, गाडीची पुढची काच अखंड आहे की मधे पट्टी देऊन दोन तुकड्यांची?

गणपतीपेठकर
दोन तुकड्यांची. मधे पट्टी आहे. प्लेट पुन्हा वाचली, एपीएचएमच. आरसी बुकातही तोच नंबर, सीसी ८०३.

वालचंदवाली
मग बॉडी नक्की सिरीज टूची. अखंड वळणदार काच मायनर १००० वर आली, १९५६ पासून, आणि इंजिन त्याच वेळी ९४८ सीसी झालं. ९४८ च्या सुरुवातीच्या गाड्यांवर एच-२, नंतर एचएस-२. म्हणजे बॉडी, प्लेट आणि आरसी बुक एका बाजूला. कार्बोरेटर एकटा दुसऱ्या बाजूला.

तुमचा ब्लॉक उघडा आहे ना? मग अंदाज कशाला बांधायचे. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे इंजिनच्या पिस्टनची धाव, सारखाच, ३ इंच म्हणजे ७६.२ मिमी. फरक फक्त बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. ८०३ चं ५८ च्या आसपास, ९४८ चं ६२.९. पाच मिमीचा फरक साध्या व्हर्नियरलाही कळतो. मोजा आणि सांगा.

पाटणखोरं
मी पाटणचा. आमच्याकडं जुनी अॅम्बॅसेडर आहे, तिलाही एसयू. वाचतोय, पुढं चालू द्या. (पैज लावायची तर कार्बोरेटर बदललेला असणार. एवढ्यासाठी कोण इंजिन बदलतंय.)

गणपतीपेठकर
चारही बोअर मोजले. ६३.४, ६३.५, ६३.४, ६३.४.

वालचंदवाली
😀

६२.९४ ला वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज केलं की ६३.४५ येतं. म्हणजे ९४८ चा ब्लॉक, एकदा बोअर केलेला. आता हिशेबानं तो ९६४ सीसीच्या जवळ गेला. ८०३ असता तर व्हर्नियर ५८ वर अडकला असता.

थाऊमास्तर
मानलं पोरी. माझ्या डोक्यात आलंच नाही कारण मी प्लेटवर विश्वास ठेवला. टूलरूममध्ये ३० वर्षं पोरांना हेच सांगत आलो की डब्यावरचं लेबल वाचू नका, आतला तुकडा मोजा.

गणपतीपेठकर, ती प्लेट डायनॅमोच्या वर ब्लॉकला बसवलेली असते. रिव्हेट कसे आहेत बघा जरा.

गणपतीपेठकर
एका बाजूला रिव्हेट. दुसऱ्या बाजूला स्क्रू, चपटी खाच असलेला. आजवर शंभरदा पाहिलं असेल, कधी खटकलं नाही.

मिरजजंक्शन
मंग झालं की! त्या काळी आसंच करायचे. इंजिन गेलं की दुसऱ्या गाडीचं आणायचं, आपल्या इंजिनची पट्टी काढायची आन नव्यावर ठोकायची. आरसी बुकाला हात लावायचा न्हाय, हापिसात हेलपाटं न्हाईत. आमच्या वडलांनी किती बसवल्यात देव जाणे. एक रिव्हेट तुटला आसंल काढताना, लावला स्क्रू.

पाटणखोरं
पैज हरलो. चहा माझ्याकडं, पाटणला या.

आरटीओच्या_रांगेत
मजेत विघ्न आणतोय, माफ करा. पण गाडी विंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. २०२१ साली केंद्राचे नियम आले. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची गाडी विंटेज धरतात, पण ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरबदल चालत नाहीत. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढं नूतनीकरण ५,०००. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आणि नोंदणी झाली म्हणून रोज बाजारहाटाला काढायची नाही, धंद्याला तर नाहीच.

९४८ चं इंजिन त्याच घराण्यातलं असलं तरी कागदावर ८०३ आहे. ज्यानं प्लेट बदलली त्यानं तेव्हाचे हेलपाटे वाचवले, ते तुमच्या वाट्याला आले. इंजिन बदलाची नोंद रीतसर करून घ्या. प्लेटवर गप्प बसू नका.

गणपतीपेठकर
करून घेणार. आधी इंजिन सुरू तर होऊ दे.

पिस्टन सुटला! सुईवर 'एम' आहे. टोपीच्या आत काळे डाग होते, ते ५०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून काढले. आता आरशासारखी झालीय. फोटो बघा.

थाऊमास्तर
अरेरे. अहो काय केलंत हे.

एम म्हणजे ९४८ चीच सुई. ८०३ ला जीजी येते. म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन एकाच गाडीतून आलेत, ओळख पूर्ण झाली. पण ती टोपी!

टोपी आणि पिस्टन यांची जोडी असते. पिस्टनच्या कडेला रिंग नाही, वॉशर नाही, काही नाही. कड आणि टोपी यांत केसाएवढी फट, एकमेकांना न टेकता. त्या फटीतून किती हवा गळते यावर पिस्टन किती उचलायचा ते ठरतं. म्हणून एका एसयूची टोपी दुसऱ्याच्या पिस्टनवर घालत नाहीत आणि आतून काहीही घासत नाहीत. पेट्रोलात भिजवलेलं फडकं, बस्स. पॉलिश पेपर पितळी समईला लावा.

झालं ते झालं. आता टेस्ट करा. पिस्टनच्या बुडाची दोन भोकं बोटानं किंवा मेणानं बंद करा, डँपर (पितळी बुचाला लागलेला दांडा) बसवा, सगळं उलटं धरा आणि पिस्टन धरून टोपी सोडा. टोपी हळूहळू खाली सरकायला हवी. सव्वा इंची एसयूला ३ ते ५ सेकंद लागायला हवेत. धप्पकन पडली तर फट वाढली.

गणपतीपेठकर
पाच वेळा केलं. अडीच, पावणेतीन, अडीच, अडीच, तीन. मोबाइलवर वेळ लावून. 😔

थाऊमास्तर
काठावर आहे. चालेल, पण आयडलिंगला थोडं नाटक करेल. जोडी मिळाली तर बघू, नाही मिळाली तर याच्यावरच भागवू. मनाला लावून घेऊ नका, माझ्या हातूनही एक गेली होती. १९८० च्या आसपास, आणि ती माझ्या साहेबांच्या गाडीची होती.

जुगाडू_जत
मास्तर, मग साहेबांना काय सांगितलं?

थाऊमास्तर
सांगितलं नाही.

गणपतीपेठकर
धुण्याचं विचारायचं होतं. फ्लोटच्या डबीत आणि जेटच्या वाटेत गाळ घट्ट बसलाय. कॉस्टिकच्या गरम पाण्यात टाकू का? शेजारी चांदीच्या दुकानातला माणूस म्हणाला अॅसिडमध्ये एका मिनिटात स्वच्छ.

वालचंदवाली
दोन्ही नको! बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, अक्षरशः बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे. अॅसिडनं भोकांच्या कडा जातील.

आधी रॉकेल किंवा कार्ब क्लीनरनं तेल-पेट्रोलाचा अंश पूर्ण काढा. मग सराफ कट्ट्यावर कुणा ओळखीच्या सोनाराकडं जा. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असतं त्यांच्याकडं. गरम पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण, पाच-पाच मिनिटांचे तीन फेरे. त्या यंत्रात पेट्रोल किंवा थिनर मात्र घालायचं नाही, आग लागते. पितळी भाग वेगळे काढा, त्यांना चिंचेचं पाणी चालतं, ते अॅल्युमिनियमला नको.

आणि जेटचं भोक तारेनं खरवडू नका. मिरजेत राहून सतारीची तार हाताशी असते म्हणून सांगतेय. तार पोलादी, जेट पितळी. जेटचं भोक एक थाऊ जरी मोठं झालं तरी सुईशी असलेला हिशेब गेला. हवेनं फुंका.

मिरजजंक्शन
आमच्या वडलांनी जल्मभर तारच वापरली 😅

वालचंदवाली
म्हणून त्या काळच्या गाड्या काळा धूर सोडायच्या, भाऊ!

गणपतीपेठकर
सोनारानं यंत्रात टाकून दिला, पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला "हे कुठल्या बाईचं आहे?" गाळ निघाल्यावर यंत्राचं पाणी कृष्णेसारखं झालं.

फ्लोट हलवला की आत खळखळ वाजतंय.

थाऊमास्तर
फ्लोट पितळी आहे ना? उकळतं पाणी विस्तवावरून उतरवा आणि त्यात चिमट्यानं बुडवून धरा. आतली हवा फुगेल, जिथून बुडबुडे येतील तिथं चीर. खूण करा. मग तीच चीर खाली ठेवून परत गरम पाण्यात धरा, आतलं पेट्रोल हळूहळू बाहेर पडेल. मोकळ्या हवेत करा, जवळ चूल, गॅस काही नको. नंतर दोन दिवस उन्हात ठेवा. आत पेट्रोलची वाफ शिल्लक असताना डाग (सोल्डर) लावला तर फ्लोट हातात फुटतो. डाग इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्ननं, ज्योतीनं नाही, आणि शिसं तांदळाच्या दाण्याएवढंच. वजन वाढलं तर फ्लोट जड होऊन बुडतो आणि पेट्रोलची पातळी चढते.

पातळी बघायची सोपी रीत: सगळं जोडल्यावर पिस्टन काढून वरून जेटमध्ये डोकवा. पेट्रोल ब्रिजच्या (गळ्यातला उंचवटा, ज्यावर पिस्टन येऊन बसतो) थोडं खाली थांबलेलं दिसायला हवं. काठोकाठ आलं तर डबीच्या झाकणातली फ्लोटची पट्टी वाकवून कमी करा.

पाटणखोरं
एच प्रकाराचा खरा त्रास जेटच्या ग्लँडचा. माझ्या ओळखीत एकाकडं होता, रोज सकाळी गाडीखाली पेट्रोलाचा डाग. जेटभोवती बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या गोल चकत्या असतात, वाळल्या की गळतात. नव्या चकत्या आल्या की रात्रभर तेलात भिजवा. सुक्या बसवल्या तर बसवतानाच तुकडे पडतात.

वालचंदवाली
त्यात आता ई-२० पेट्रोल. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचे रबर खातंय. जुनी रबरी नळी सगळी फेकून द्या, इथेनॉलला टिकणारी घ्या. फ्लोटच्या वॉल्व्हची सुई व्हायटन रबराच्या टोकाची मिळते, ती घ्या. इथेनॉलमुळं मिश्रण थोडं पातळ पडतं, ट्यूनिंगला जेट त्याच्या षटकोनी नटाचा अर्धा-पाऊण पैलू जास्त खाली ठेवावा लागेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीतलं नाही तरी डबीतलं पेट्रोल काढून ठेवा, ते हवेतलं पाणी ओढतं.

गणपतीपेठकर
किट आलं. सगळं बसवलं. हेडही आलं. काल संध्याकाळी चालू झाली!!! आत्याला व्हिडिओ पाठवला, ती नागपूरहून रडत होती फोनवर.

पण. चालू झाल्यावर आयडलिंग लाटेसारखं वर-खाली होतं. वूँ... वूँ... वूँ. स्क्रू कितीही फिरवा.

मिरजजंक्शन
थ्रॉटलचा दांडा धरून हलवून बघ. खुळखुळतुय?

गणपतीपेठकर
हो, चांगलाच. वर-खाली हलतो.

मिरजजंक्शन
तिथनंच हवा शिरतीया. चालू गाडीवर दांड्याच्या टोकाला थोडं तेल सोड, आवाज बदलला की समज. (पेट्रोल नको सोडू, सायलेन्सर तापल्याला आसतो.)

थाऊमास्तर
बुश (दांडा फिरतो त्या भोकात बसवायची धातूची नळी) घालावा लागेल. हे घरी होणार नाही. कुपवाड एमआयडीसीत लेथवाले आहेत, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. सांगायचं काय ते ऐका: बॉडीची दोन्ही भोकं एका सेटिंगमध्ये बोअर करायची, बॉडी फिरवून दुसऱ्या बाजूनं नाही, नाहीतर दांडा तिरका बसेल. फॉस्फर ब्राँझचे बुश, दाबून बसवायचे, मग रीमरनं दांड्याच्या मापाला आणायचे. बुशाचं टोक गळ्यात आत आलं तर पाकळी (थ्रॉटलची गोल चकती) अडकेल, ते गळ्याच्या गोलाईनं साफ करून घ्यायचं.

दांडा काढायच्या आधी पाकळीवर खूण करा. तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात, उलटी बसली तर बंद होत नाही. पाकळीचे दोन पितळी स्क्रू मागून फाकवलेले असतात. ते आधी चिमटून मिटवा, मग फिरवा. नवीन स्क्रूही तसेच फाकवा. नाही फाकवले आणि एक सुटला तर तो थेट सिलिंडरमध्ये जाणार.

गणपतीपेठकर
कुपवाडच्या कारागिराला तुमचा मेसेज छापून नेऊन दिला. वाचून म्हणाला, "हे लिहिणारे वाडीचे का हो?" म्हटलं तुम्हाला कसं कळलं. म्हणाला, "एका सेटिंगमध्ये असं फक्त वाडीची माणसं म्हणतात." मास्तर, तुम्ही किर्लोस्करवाडीचे?

थाऊमास्तर
कारागीर चांगला दिसतोय. काम तिथंच करून घ्या.

गणपतीपेठकर
बुश झाले. दांडा आता लोण्यासारखा फिरतो. जेट सेंटर कसा करायचा? पिस्टन खाली येताना शेवटी किंचित घासतो.

थाऊमास्तर
जेटखालचा मोठा नट सैल करा. जेट पूर्ण वर चढवा. पिस्टन वरून पेन्सिलीनं हलके दाबा म्हणजे सुईच जेटला मधोमध आणेल. त्याच स्थितीत नट आवळा. मग पिस्टन बोटानं उचलून सोडा. ब्रिजवर 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. 'थप्' आला तर अजून घासतोय, परत सैल करा. मला पहिल्यांदा अकरा वेळा करावं लागलं होतं. सुईचा खांदा पिस्टनच्या बुडाशी सपाट आहे ना तेही बघा, वर-खाली नको.

टक् आला की जेट ब्रिजच्या पातळीला आणा आणि नट बारा पैलू खाली फिरवा, म्हणजे दोन पूर्ण फेरे. गाडी त्यावर चालू होईलच. टोपीत २० नंबरचं पातळ तेल घाला, ग्रीस नको, ९० चं गिअर ऑइल तर नकोच.

गरम झाल्यावर पिस्टन पातळ स्क्रूड्रायव्हरनं एक मिमीहून कमी उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, नट वर. बसायला लागलं तर पेट्रोल कमी, नट खाली. क्षणभर वाढून परत पूर्वीसारखं झालं तर हात लावू नका.

गणपतीपेठकर
टक् आला. सातव्या वेळी.

बारा पैलू आणि नंतर आणखी एक. काल हरिपूरच्या संगमापर्यंत गेलो आणि परत आलो. परवानगीबिरवानगीचं बोलू नका, पहाटे साडेपाचला गेलो होतो. रस्त्यात एक म्हैस सोडली तर कुणी नव्हतं. थांबल्यावर पेट्रोल पंपाची टिकटिक दोनदा झाली आणि बंद झाली, म्हणजे वॉल्व्ह नीट बसतोय असं मी समजतो.

आयडलिंगला मात्र मास्तर म्हणाले तसं थोडं नाटक आहेच. टोपीच्या फटीचं. कुणाकडं एच-२ ची जोडी असेल तर सांगा.

आरटीओच्या_रांगेत
मी हे वाचलं नाही.

गणपतीपेठकर
एक विचित्र गोष्ट. आत्याला सगळं सांगितलं, इंजिन बदललेलं, प्लेट वगैरे. तिला काही आश्चर्य नाही. म्हणाली, "हो, ते मिरजेच्या एका डॉक्टरांच्या गाडीचं. त्यांनी ती झाडावर घातली होती." मग म्हणाली, "तुझ्या त्या घंटेसारखी एक टोपी आमच्या भातुकलीत होती. हंडा म्हणून."

वरच्या माळ्यावर भातुकलीची पेटी आहे. काढली. खरंच आहे! अॅल्युमिनियमची, आतून काळसर, एका बाजूला पोचा. वरचं पितळी बूचही आहे. म्हणजे ८०३ च्या मूळ एच-१ ची टोपी असणार, इंजिन बदलल्यावर सुटलेली. बाकी कार्बोरेटर कुठं गेला कुणालाच माहीत नाही. आतून अजिबात घासलेली नाही, पुराचं पाणीही लागलेलं नाही. ही माझ्या पिस्टनवर चालेल का? उलटी धरून सोडून बघू का?

थाऊमास्तर
सोडून बघा, पण कळायचं काही नाही. हिचा पिस्टन हरवलाय, आणि तुमच्या पिस्टनची ही टोपी नव्हे. भातुकलीतच राहू द्या.